यादीत न लिहिलेला अक्रोड

खरं सांगते, त्या गुरुवारी मला सकाळपासून कुणीतरी "वा!" म्हणावं असं वाटत होतं. सात घरांचं वाटण करणं म्हणजे काय खायचं काम आहे? साडेपाचला उठून दोन किलो कांदा भाजला. डोळ्यांतून धारा, घरभर धूर, आणि आमचे साहेब पांघरूण डोक्यावर ओढून म्हणतात, "आज कुठे आग लागलीय का?" म्हटलं, लागेल, तुम्ही उठला नाहीत तर.

आमच्या गल्लीत सात घरांचा एक ग्रुप आहे. त्याचं नाव 'आज काय करायचं?'. चार वर्षांपूर्वी शाळेच्या बसथांब्यावर सुरू झाला. पोरं बसमध्ये कोंबून झाली की सगळ्यांच्या तोंडी एकच रड, संध्याकाळी काय करायचं? सुचवून सुचवून डोकं पिकलं तेव्हा ठरलं की दर गुरुवारी एका घराची पाळी. ज्याची पाळी त्याने सकाळीच प्रत्येक दाराला वाटणाचा एक डबा अडकवायचा, ग्रुपवर कृती टाकायची, आणि डब्यात काय काय आहे त्याची यादी. संध्याकाळी सातही घरांत एकच पदार्थ, आणि जेवणं झाली की फोटो. मग कुणाचं पातळ झालं, कुणाचं करपलं, यावर यथेच्छ टिंगल.

यादी पूर्ण हवी, चिमूटभर असलं तरी लिहायचं, हा नियम माझा. मी चष्म्याच्या दुकानात काचा घासते. तिथे अर्धा मिलिमीटर इकडचा तिकडे झाला तर माणसाचं डोकं दुखतं, त्यामुळे मला अंदाजपंचे कारभार खपत नाही. बसवाले काका, म्हणजे आमच्या पोरांची बस चालवतात ते, फार सुरेख स्वयंपाक करतात. त्यांनी एकदा वाटणात चमचाभर साखर घातली आणि लिहिली नाही. मी त्यांना ग्रुपवर असं धुतलं की बिचाऱ्यांनी एक पाळी सोडली. "चष्मेताई, चुकलो, पुन्हा नाही," असं त्यांनी लिहिलं होतं. मी अंगठासुद्धा दाखवला नाही.

आणि माझ्या स्वतःच्या यादीत चार वर्षं अक्रोड नव्हता.

हसू नका. भाजलेला अक्रोड, मूठभर, अगदी मऊ वाटलेला. त्याने रश्शाला जो दाटपणा येतो आणि शेवटी जिभेवर जी किंचित कडवट चव राहते, ती दुसऱ्या कशाने येत नाही. आईने मला हे एकटीला सांगितलं, माझ्या थोरल्या बहिणीलासुद्धा नाही. माझ्या पाळीला ग्रुपवर नुसता धुमाकूळ असायचा. खसखस आहे का? पाव भिजवून घालतेस का? दूध आटवतेस का? मी सगळ्यांना झुलवत ठेवायची. "यादीत आहे तेवढंच आहे. बाकी हाताची चव!" दुकानात दिवसभर कुणी माझं नाव घेत नाही. काच नीट बसली तर गिऱ्हाईक डॉक्टरांचं कौतुक करतं. गुरुवारी मात्र सहा घरं माझ्या नावाने बोटं चाटायची. ते मला सोडवत नव्हतं, एवढंच.

तर त्या दिवशी दुपारी जेवणाच्या सुट्टीत फोन बघितला. शिलाईताईंचा प्रश्न होता. या ग्रुपमधल्या सगळ्यात नव्या. आठ महिन्यांपूर्वी गल्लीच्या टोकाच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायला आल्या. कपडे शिवतात, घरीच मशीन आहे, आठ वर्षांची एक मुलगी, बाकी कुणी नाही. ग्रुपवर फारसं बोलत नाहीत. रात्री फोटो टाकतात, "छान झालं" लिहितात, संपलं.

प्रश्न असा होता: "चष्मेताई, वाटणात काजू, बदाम, अक्रोड असं काही नाही ना?"

मी मनात म्हटलं, अगं बया! ही तर एकदम जवळ पोचली. चार वर्षांत कुणाला जमलं नाही आणि ही आठ महिन्यांत अक्रोडाचं नाव घेते? साळसूदपणे तीन नावं एकत्र टाकून माझ्याकडून काढून घेते की काय? मी लिहिलं, "यादीत आहे तेवढंच आहे. शोधा, शोधा!" आणि पुढे जीभ बाहेर काढलेला चेहरा.

त्यांचा अंगठा आला. मी हात पुसले आणि एका आजोबांच्या जाड काचा घासायला घेतल्या.

सहाला दुकान सुटलं. दुकानाच्या कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडे कोथिंबीर घ्यायला थांबले तर काका भेटले, बस लावून घरी निघालेले. खांद्यावर रुमाल, हातात दुधी.

"काय चष्मेताई, आज मेजवानी! सकाळपासून डब्याचा वास घेतोय."

"वासावरच पोट भरू नका."

"आमचं जाऊ दे. मला बरं वाटलं ते त्या शिलाईताईंच्या पोरीचं. सकाळी बसमध्ये नाचत होती नुसती. आज आई तुमच्या डब्यातलं करणार म्हणून." काकांनी भाजीवाल्याकडून सुटे पैसे घेतले. "तिचं फार जपावं लागतं हो. शाळेने मला लिहूनच दिलंय. अक्रोड, काजू, बदाम, नावसुद्धा काढायचं नाही. मी बसमध्ये कुणाला पुडी फोडू देत नाही. गेल्या वर्षी कुणाच्या तरी वाढदिवसाच्या केकमध्ये कण होता म्हणे एवढासा, तर घसा सुजून श्वास बंद. दोन दिवस दवाखान्यात नळ्या लावून होती. आई कुणाकडचं काही देत नाही तिला. पण तुमची यादी चोख असते ना, म्हणून आज विश्वासाने..."

पुढचं मला ऐकू आलं नाही. हातातली जुडी तिथेच टाकून मी निघाले. काका मागून "अहो, कोथिंबीर!" म्हणत होते.

सहा वाजून वीस मिनिटं झाली होती. शिलाईताईंची मुलगी सातला जेवते, हे मला माहीत होतं, कारण त्यांचा फोटो सगळ्यांच्या आधी यायचा. भाजीवाल्यापासून त्यांची इमारत म्हणजे चालत पाऊण तास, धावत किती ते मला ठाऊक नाही, कारण शाळा सुटल्यापासून मी कधी धावले नाही. फोन लावला. वाजला, वाजला, कुणी उचलला नाही. मशीनचा आवाज असेल. पुन्हा लावला. तेच.

आता मी काय केलं ते सांगते, आणि सांगताना आजही कानशिलं तापतात. मला तेव्हाच तीन शब्द लिहिता आले असते. वाटणात अक्रोड आहे. संपलं. मी लिहिलेही. वाटणात, अक्रोड. आणि बोट थांबलं. डोळ्यांसमोर काकांची साखर आली. ही बाई ग्रुपवर सांगणार, मग सगळे म्हणणार, हीच का ती नियमवाली? मी ते शब्द पुसले आणि लिहिलं: "ताई, ते वाटण वापरू नका. आंबलंय. माझंही टाकून दिलं."

वा गं शहाणे! मला वाटलं, साप मेला आणि काठीही शाबूत. श्वास सोडला. चालण्याचा वेगसुद्धा कमी केला, एवढी मी निर्लज्ज.

दोन मिनिटांत उत्तर आलं. "अहो, नाही हो! मी वास घेतला, एकदम ताजं आहे. चमचाभर तेलात परतून चाखलंही. काय चव आहे! कढईत घातलं सगळं. तुमचाच डबा बाहेर राहिला असेल."

घरात स्वयंपाक करणाऱ्या बाईला आंबलंय म्हणून सांगणं म्हणजे काय ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं. ती तुमचं ऐकणार नाही. ती डबा उघडणार, नाक लावणार, जिभेवर ठेवणार, आणि स्वतःच्या नाकावर विश्वास ठेवणार. मीही तेच केलं असतं. सातही घरांत तेच झालं असतं.

मग मात्र मी लिहिलं. "अक्रोड आहे. वाटणात अक्रोड आहे. मुलीला देऊ नका." पाठवलं. एकच खूण आली, दुसरी येईना. फोन लावला तर बंद. शिवणाऱ्या माणसाचा जुना फोन, चाखून झाल्यावर चार्जिंगला लावला असेल किंवा मेला असेल. मी रस्त्यात मोठ्याने म्हटलं, "अगं उचल ना!" समोरून येणारा माणूस बाजूला झाला.

सहा तेहतीस. रिक्षा एकही नाही. ज्या होत्या त्या भरलेल्या. मी धावत सुटले. पिशवी मांडीवर आपटतेय, चप्पल पायातून सुटतेय. चप्पल हातात घेतली. लोक बघत होते, बघू देत.

मग मला मोठ्या बाई आठवल्या. निवृत्त मुख्याध्यापिका, ग्रुपमधल्या सगळ्यात ज्येष्ठ. त्याच इमारतीत तळमजल्यावर राहतात. त्यांच्यासमोर माझीसुद्धा बोबडी वळते, म्हणूनच आधी आठवल्या नसतील. फोन लावला.

"बाई, पटकन वर जा. शिलाईताईंना सांगा, मुलीला जेवायला देऊ नका."

"का?" बाई प्रत्येक गोष्टीला का विचारतात. चाळीस वर्षांची सवय.

"माझ्या वाटणात अक्रोड आहे. तिला चालत नाही. जिवावर बेतेल."

"यादीत नव्हता."

"नव्हता. मी खोटं लिहिलं. बाई, जा हो, पाया पडते!"

फोन ठेवल्याचा आवाज आला फक्त. बाईंचे दोन्ही गुडघे गेलेत. दूध आणायलासुद्धा त्या बाहेर रस्त्यावर येत नाहीत. मी तीन मजल्यांच्या पायऱ्या मोजत धावत होते. एका मजल्याला अठरा. म्हणजे चोपन्न. बाईंना एका पायरीला किती लागतात? हिशेब करू नको, धाव. धाव गं बाई. देवा, तिने हात धुतले नसतील अजून. देवा, भात गरम असेल. देवा, भांडण झालं असेल दोघींचं, पोरगी रुसून बसली असेल, काहीही. आईचा मला इतका राग आला! मेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, मी रागावले. सांगितलंस ते सांगितलंस, वर लपवायला कशाला शिकवलंस? आणि लगेच वाटलं, आईने लिहून दिलं नव्हतं ना खोटं. ते माझ्या हातचं होतं.

सहा बावन्न. इमारतीत शिरले. दुसऱ्या मजल्याच्या आधीच्या वळणावर मोठ्या बाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. केस सुटलेले, एक हात कठड्यावर. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना जमिनीवर बसलेलं पाहिलं.

"हाका मारल्या," त्या धापा टाकत म्हणाल्या. "मशीन चालू होतं, मग टीव्ही. ऐकू नाही गेलं. माझ्याकडे काय बघतेस? वर जा!"

मी त्यांना ओलांडून गेले. ओलांडूनच. दार दोन्ही हातांनी बडवलं. आतून पोरीचा आवाज आला, "आई, कोणीतरी आलंय!" आणि शिलाईताईंनी दार उघडलं. गळ्यात मोजपट्टी, हातात उलथनं, चेहऱ्यावर हसू.

"अहो, या या! स्वतः आलात?"

"अक्रोड आहे त्यात."

त्यांचं हसू लगेच गेलं नाही. त्यांना कळायला एक क्षण लागला. माझ्या खांद्यावरून मला आत दिसत होतं. म्हणजे त्यांच्या खांद्यावरून. माझं अजूनही सांगताना सगळं उलटसुलट होतं. टेबलावर ताट होतं, भातावर माझा रस्सा होता, वाफ निघत होती, आणि मुलगी चमच्यावर फुंकर मारत होती.

त्या ओरडल्या नाहीत. तीन पावलांत टेबलाशी गेल्या, चमचा हातातून घेतला, ताट उचललं, आणि मुलीचं तोंड दोन्ही हातांत धरलं. "खाल्लंस?"

"नाही."

"जिभेला लागलं? चाटलंस? खरं सांग, मी रागावणार नाही."

"नुसता वास घेतला आई. गरम होतं."

त्यांनी मुलीला मोरीत नेलं. हात धुतले, तोंड धुतलं, पुन्हा धुतलं. फोनचा टॉर्च लावायला गेल्या तर फोन बंद, मग खिडकीशी नेऊन जीभ बघितली, ओठ बघितले, गळा चाचपला. कपाटातून इंजेक्शनची पेटी काढून टेबलावर ठेवली. झाकण उघडं. मग खुर्ची ओढून मुलीच्या समोर बसल्या आणि घड्याळ बघत राहिल्या. मी आत पाऊल टाकलं तशी मान न वळवता म्हणाल्या, "तिथेच थांबा. तुमच्या हाताला असेल."

सकाळी साडेपाचला वाटलेलं वाटण, त्यानंतर मी दहा वेळा हात धुतले होते. तरी मी हात मागे घेतले आणि उंबऱ्याबाहेर उभी राहिले.

वीस मिनिटं बघायचं असतं, हे त्यांनी नंतर सांगितलं. ती वीस मिनिटं मी त्या पोरीच्या ओठांकडे बघत होते. जरा लालसर दिसले की मी उंबऱ्यावरून पुढे वाकायची. ती खुर्चीत पाय हलवत होती. तिला मधेच खोकला आला, साधा, आणि आम्ही दोघी एकदम दचकलो. शिलाईताईंचा हात पेटीवर गेला. "पाणी गिळताना आला," पोरगी म्हणाली, आमच्या दोघींकडे आळीपाळीने बघत.

बाई कठडा धरत धरत वर आल्या होत्या. त्या माझ्या शेजारी उभ्या राहिल्या आणि त्याही आत गेल्या नाहीत.

वीस मिनिटं झाली. अजून पाच झाली. मग शिलाईताई उठल्या. कढई, ताट, चमचा, उलथनं, सगळं एका पिशवीत घातलं, कढईसकट. पिशवीला दोन गाठी मारल्या. ओटा साबणाने घासायला लागल्या. घासताना माझ्याकडे पाठ होती, तशाच बोलल्या.

"आठ महिने मी प्रत्येक डबा फेकला. सगळ्यांचा. तुमचा, काकांचा, बाईंचा. माझं वेगळं वाटायचं, वेगळं करायचं, आणि फोटो टाकायचा."

"सांगायचं ना ताई," मी म्हटलं. "एक शब्द सांगितला असता तर..."

"जुन्या गल्लीत सांगितलं होतं. मग हिला कुणी वाढदिवसाला बोलवेना. नको ती जोखीम, म्हणायचे." त्यांनी फडकं पिळलं. "हो, चुकलं माझं. कारण सांगायला हवं होतं. पण विचारलं होतं मी तुम्हाला. सरळ विचारलं होतं. ही महिनाभर मागे लागली होती, एकदा सगळ्यांसारखं खाऊ या म्हणून. म्हटलं, कुणाला विचारू? जी बाई चमचाभर साखरेवरून काकांना सोडत नाही, तिला विचारू."

मला रडू आलं. ते कुणाला दाखवण्यासाठी नव्हतं, थांबतच नव्हतं. "मी हावरी आहे हो," मी म्हटलं. "कौतुकाची हावरी. मला वाटलं तुम्ही माझी चव काढून घेताय. आणि ते आंबल्याचंही मी खोटंच लिहिलं. ते लिहिलं नसतं तर वीस-पंचवीस मिनिटं आधी कळलं असतं तुम्हाला."

शिलाईताई वळल्या. आंबल्याचं त्यांच्या आत्ता लक्षात आलं असावं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी बाईंचा हात धरला, आणि बाईंनी तो धरू दिला, हे उपकारच.

"तुम्ही जा आता," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. दाराकडे आल्या, कडीला हात घातला.

"आई," मुलगी आतून म्हणाली. तिने खुर्ची सोडली नव्हती. "म्हणजे आता आपण कधीच कुणाकडचं खायचं नाही?"

"नाही."

"या काकूंकडचं पण नाही?"

"यांच्याकडचं तर नाहीच."

पोरीने जरा विचार केला. "पण त्या आता खरं लिहितील ना," ती म्हणाली. "बाकीच्यांना कुणाला भीती नाही वाटली. यांना आता वाटलीय."

शिलाईताईंचा हात कडीवरच राहिला. त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या, शिवायच्या आधी कापडाची वीण बघावी तसं. मला वाटलं, आता काहीतरी चांगलं बोलावं, शपथ घ्यावी, पाया पडावं.

"फार वाटलीय," मी म्हटलं.

त्यांनी दार लावलं नाही. पण मला आतही बोलावलं नाही.